शिट्टी, केळी आणि मोठं आतडं

२४ सप्टेंबर २००१, सोमवार

आजपासून दैनंदिनी. डॉ. रुडॉल्फ यांचा हुकूम आहे. काय खाल्लं, पोट कसं होतं आणि दिवसभरात काय घडलं, तेवढं लिहायचं. "तुम्ही वाचणार का?" असं विचारलं, तर म्हणाले, "मी कशाला वाचू, खानोलकर? तुम्हीच वाचा. दोनेक महिन्यांनी आपोआप दिसेल." काय दिसेल ते मात्र सांगितलं नाही.

दुर्बिणीच्या तपासणीचा निकाल आला. मोठ्या आतड्याला सूज आहे आणि आतून जखमा आहेत. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हा पाहुणा लवकर हलणारा नाही. पिवळ्या गोळ्या दिल्या. मिरची, कच्चा भाजीपाला बंद. मऊ भात चालेल, पिकलेलं केळं चालेल.

मला जिवाची काळजी नाही. काळजी नऊ डिसेंबरची आहे. त्या दिवशी आमच्या आर्याचं लग्न, इथेच वसईत माणिकपूरला, सोसायटीच्या आवारात मांडव घालून. कन्यादानाला पाटावर बसलेला बाप मधेच उठून धावत सुटला, तर साताऱ्याचे व्याही काय म्हणतील? आज मी टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा सलग पाहू शकत नाही. शेवटी येणारं हवामान नेहमी हुकतं.

पोटासाठी तीन शेरे ठरवले आहेत: शांत, कुरकुर, बंड. याहून तपशिलात शिरणार नाही. आयुष्य बँकेत गेलं आहे, काही सभ्यता आहे.

पोट: बंड.

२६ सप्टेंबर, बुधवार

मे महिन्यात बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि जूनमध्ये सोसायटीचा सेक्रेटरी झालो. एकमताने. बाकी कुणी उभंच नव्हतं.

आमच्या 'शुभंकर' सोसायटीत कुणीही उठतो आणि आत येतो. पाववाला, भंगारवाला, गाद्या पिंजणारा. नंदाखाल गावची हिल्डा तर सोळा वर्षं डोक्यावर टोपली घेऊन सरळ जिन्याने वर येते. वाडीतली केळी, पालेभाजी, उन्हाळ्यात वाळवलेली सुकेळी. इमारतीचं काम चालू होतं तेव्हा ती गवंड्यांना केळी विकायची. म्हणजे तशी ती आमच्याही आधीची. पण नियम तो नियम. आज फाटकावर पाटी लावली: 'फेरीवाल्यांना सक्त मनाई'. आणि वॉचमन ज्युलियसला पितळी शिट्टी दिली.

ज्युलियस राजोडीचा, आधी मच्छीच्या बोटीवर होता. म्हणाला, "साहेब, ही कोनासाठी वाजवायची?"

"अनोळखी माणसासाठी."

"मंग वाजवायलाच नको. अनोळखी कोन येतच नाय. मी सगल्यांना वळखतो."

"मग ओळखीच्यांसाठी वाजव," मी म्हणालो. कुठूनतरी सुरुवात करायलाच हवी.

पहिली शिट्टी हिल्डासाठी वाजली. ती फाटकाबाहेर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि ओरडली, "काय सेक्रेटरी! काल माझीच केळी खाल्लीत आणि आज माझ्यावरच शिट्टी?"

मी बाल्कनीतून तिला नियम वाचून दाखवला. अर्धा वाचून झाला आणि आत पळावं लागलं.

पोट: बंड.

३० सप्टेंबर, रविवार

आर्याला सुट्टी. ती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. होणारा जावई हर्षवर्धन तिच्याच शेजारच्या टेबलावर काम करतो. आजवर मी तिचा विषय कधी विचारला नव्हता. विचारलं की ती सांगत बसते. आज विचारला, आणि विषय निघाला माझंच आतडं!

म्हणजे माझं नेमकं नव्हे. आतड्यातले जंतू आतड्याच्या पेशींना कसे चिथवतात आणि सूज कशी येते, हा.

"बाबा, तुमच्या पोटात जंतू किती असतील, सांगा."

"एकही नाही. आपण पाणी उकळून पितो."

ती इतकी हसली की जयवंतीला पाणी आणावं लागलं. उकळलेलंच.

मग तिने समजावलं. आतड्याच्या आतल्या बाजूला पेशी एका रांगेत, खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. समोर जंतूंचा भरलेला बाजार. जंतूंच्या अंगावर एक प्रकारची साल असते. ती साल ओळखणारं बटण पेशीवर असतं. बटण दाबलं गेलं की पेशी रासायनिक बोंब मारते, आणि ती ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शिपाई, धावत येतात. हीच सूज. आर्या बाटलीत अशा पेशी वाढवते, वरून जंतूंची साल टाकते आणि त्या किती ओरडल्या ते मोजते. याला विद्यापीठ डॉक्टरेट देतं.

"चांगलंच आहे की," मी म्हणालो. "जंतू दिसला, बोंब मारली."

"नाही हो बाबा! चांगल्या आतड्यात समोर एवढी गर्दी असून पेशी गप्प असतात, हीच तर गंमत आहे. ते जंतू रोजचे असतात. कित्येक तर कामाचे. त्यांच्याशी जमवून घेतलेलं असतं. तुमच्यासारख्यांच्या आतड्यात मात्र रोजच्यांना पाहूनही आरडाओरडा होतो. मग शिपाई येतात, त्यांना आपला-परका कळत नाही, आणि भिंत तेच फोडतात. भिंत फुटली की आणखी जंतू आत, आणखी बोंब, आणखी शिपाई. तुमच्या जखमा जंतूंनी नाही केल्या, बाबा. तुमच्याच माणसांनी केल्या."

"असं का होतं?"

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. म्हणून तर मला नोकरी आहे."

जयवंती भाजी निवडत होती. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "ऐकलंत का नीट?"

ऐकलं. माझे डोळेच उघडले. मुळात आपल्याकडे शिपायांना प्रशिक्षणच नाही! उद्याच फेबियन सरांशी बोलतो.

पोट: कुरकुर.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

दक्षता पथक तयार झालं. तळमजल्यावरचे फेबियन सर प्रमुख. शाळेत पी.टी. शिकवायचे, निवृत्त झाल्यापासून कुणाला तरी रांगेत उभं करण्यासाठी तडफडत होते. पथकात आणखी चार ज्येष्ठ सभासद. हत्यार म्हणून बॅडमिंटनच्या रॅकेटी, कारण काठ्या हातात घेतल्या की सगळे टेकूनच उभे राहतात.

पद्धत अशी: शिट्टी वाजली की पथकाने धावत येऊन माणसाला गराडा घालायचा. मग मी पाहणी करायची आणि मोठ्याने 'आपला आहे!' म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय कुणी मागे हटायचं नाही. हा अधिकार फक्त सेक्रेटरीचा. पथकाला स्वतःची अक्कल वापरू दिली तर शिस्त राहत नाही.

आज पहिली कवायत झाली. गॅसवाला आला, शिट्टी वाजली, पथक धावलं. तो घाबरून इमारतीच्या मागे पळाला. त्याला मागच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी कोंडला तेव्हा पाचही जण एकदम भिंतीवर आपटले, आणि भिंतीला चांगलं म्हशीएवढं भगदाड पडलं. मला तिथवर पोचायला वेळ लागला, कारण मधे घरी जाऊन यावं लागलं. तोवर गॅसवाला भगदाडातून बाहेर पडून गेला होता.

भिंत जुनीच होती. कवायत एकंदर यशस्वी.

जयवंती म्हणाली, "सिलिंडर?"

तो आता पुढच्या शनिवारी येईल.

पोट: बंड. गोळ्या बदलून मागाव्यात का?

९ ऑक्टोबर, मंगळवार

हिल्डा येत नसल्याने केळ्यांची पंचाईत झाली होती. जयवंती म्हणाली, स्टेशनजवळ नवीन दुकान सापडलं आहे. केळी उत्तम निघाली, चव थेट हिल्डाच्या केळ्यांसारखी. म्हणजे बघा, माणसं उगाच एकीला धरून बसतात.

मागच्या बाल्कनीला जयवंतीने दोरी बांधून टोपली टांगली आहे. कशासाठी विचारलं, तर म्हणाली, चिमण्यांसाठी.

पोट: कुरकुर.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

अमेरिकेत पाकिटातून पांढऱ्या पुडीने जंतू पाठवताहेत, रोज पेपरात येतं आहे. मुंबईतही अफवा आहेत. मी पोस्टमनसाठी वेगळी, दोन तुकड्यांत वाजवायची शिट्टी ठरवली. आज तीच वाजली. पाकीट आमच्याच नावाचं होतं. मी जयवंत आणि ती जयवंती. लग्नात नाव बदलताना आमच्या आईला एवढंच सुचलं. त्यामुळे पत्र नेमकं कुणाला आलं आहे हे पोस्टमनला सोळा वर्षांत कळलेलं नाही.

पाकिटातून करडी पूड सांडत होती. फेबियन सरांनी लगेच ते चिमट्याने उचलून बादलीत टाकलं, बादली गच्चीवर नेली, आणि सगळ्या सभासदांना खाली मैदानात रांगेत उभं केलं. पाववाल्यालाही. आर्याला प्रयोगशाळेत फोन लावला. "बाबा, नुसतं बघून कसं सांगू?" म्हणाली. मग विचारलं, "पत्र कुठून आलंय?"

कुडाळहून. माझ्या मावशीने गणपतीचा अंगारा पाठवला होता. माझ्या पोटासाठी.

बादलीत फिनेल ओतलेलं असल्याने तो आता पोटात घेता येणार नाही. रात्री जेवलो नाही. अंगाऱ्याचा अपमान झाला म्हणून पोट बिघडलं, असं जयवंतीचं म्हणणं नाही. तिचं काहीच म्हणणं नाही. ती माझ्याकडे फक्त बघते.

पोट: बंड. मोठं बंड.

१७ ऑक्टोबर, बुधवार

तसंच.

२१ ऑक्टोबर, रविवार

गुरुजी येऊन गेले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, कन्यादानात मधेच पाच मिनिटं सुटी घेता येईल का?

"सुटी? अहो, मुलाच्या ओंजळीवर मुलीची ओंजळ, तिच्यावर तुमची. वहिनी वरून पाण्याची धार धरणार. ती धार तुटता कामा नये. तुम्ही उठलात की सगळं पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"पहिल्यापासून म्हणजे पहिल्यापासून. आणि मला दुपारी नालासोपाऱ्याला दुसरं लग्न आहे."

ते गेल्यावर आम्ही सराव केला. मी पाटावर बसलो, जयवंतीने तांब्या धरला. मंत्र कुणालाच येत नव्हते, म्हणून आर्याने तिच्या प्रबंधाची पानं घेतली आणि तीच चालीवर म्हणायला लागली. 'लायपोपॉलिसॅकराइडाय नमः, इंटरल्यूकिनाय नमः.' हर्षवर्धनही आलेला होता, त्याने मागून 'स्वाहा' म्हटलं. मुलं गुणी आहेत.

बरा बसलो होतो. तेवढ्यात खाली शिट्टी वाजली आणि मी उठून पळालो. शिट्टीकडे नव्हे.

परत आलो तेव्हा आर्याचं हसू गेलेलं होतं. म्हणाली, "बाबा, नसेल जमत तर काकांना बसवू या. मला काही वाटणार नाही."

तिला वाटेल. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. लहानपणी शाळेच्या संमेलनात मी उशिरा पोचलो, तेव्हा झाला होता तसाच.

काकांना बसवणार नाही. बसेन तर मीच.

पोट: बंड.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

सोमवारपासून शिट्टी सापडत नाही. ज्युलियस रात्री ती आमच्याकडे ठेवतो. सगळं घर शोधलं. पथक शिट्टीअभावी बसून आहे, फेबियन सर चिडचिड करताहेत, फाटकातून वाटेल तो येतो-जातो. मला या सगळ्याचा फार त्रास व्हायला हवा. पण योगायोग असा की चारही दिवस पोट शांत आहे.

कारण बहुधा बेलाचं सरबत. सोमवारीच सुरू केलं.

पोट: शांत.

२७ ऑक्टोबर, शनिवार

शिट्टी सापडली. तांदळाच्या डब्यात. तिथे कशी गेली, देव जाणे. मला ज्युलियसचा संशय येतो.

फाटकावर परत चालू केली. पोट: बंड. बेलाच्या सरबताचा असर चार दिवसच टिकतो असं दिसतं.

टोपलीत केळ्याची साल सापडली. चिमण्या केळी खातात हे माहीत नव्हतं.

४ नोव्हेंबर, रविवार

महत्त्वाचा दिवस. आर्याने एक नवी गोष्ट सांगितली. यंदाच कुणीतरी शोधून काढली आहे.

काही जंतूंना पोहायला शेपटी असते. त्या शेपटीला ओळखणारं एक बटण आहे. पण आतड्याच्या पेशी ते पुढच्या बाजूला, जंतूंच्या बाजाराकडे, ठेवतच नाहीत. ते असतं पाठीमागे!

"म्हणजे पुढून कितीही शेपट्या दिसल्या तरी पेशी दुर्लक्ष करते," आर्या म्हणाली. "पण शेपटी पाठीमागे सापडली, तर त्याचा अर्थ कुणीतरी भिंत ओलांडून आत घुसलं आहे. तेव्हाच बोंब. हुशार आहेत की नाही?"

मी उठून उभाच राहिलो. इतके दिवस आम्ही बटण चुकीच्या बाजूला बसवलं होतं! फाटकातून येणारे सगळे पुढून येतात. खरी भीती मागच्या भगदाडाची.

लगेच हुकूम काढला. ज्युलियसची खुर्ची मागच्या भगदाडापाशी. पुढच्या फाटकावर शिट्टी बंद. फक्त मागून येणाऱ्यासाठीच वाजवायची.

ज्युलियस विचारात पडला. "मागून, साहेब? मागून तर..."

"मागून तर काय?"

त्याने वर आमच्या बाल्कनीकडे पाहिलं. तिथे जयवंती कपडे वाळत घालत होती. "काय नाय साहेब. मागून कोन येतंय?" म्हणाला आणि खुर्ची उचलून गेला.

पोट: कुरकुर.

११ नोव्हेंबर, रविवार

पूर्ण आठवड्यात एकही शिट्टी वाजली नाही. पुढून पाववाला, गॅसवाला, पोस्टमन निमूट येऊन जातात. मागून तर चिटपाखरूही नाही. ज्युलियस इतका जागरूक आहे की रोज सकाळी बरोबर एका वेळी तो खुर्ची फिरवून पाठ करून बसतो. विचारलं, तर म्हणाला, "दोनी बाजू बघाव्या लागतात."

हिल्डा बिचारी आता कुठे विकत असेल? असं मनात येऊन गेलं. बिचारी असं इथे लिहिलं खरं. असो.

पोट: शांत. पिवळ्या गोळ्या, केळी, मऊ भात.

१७ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीत चिवडा खाल्ला. त्याबद्दल लिहायची इच्छा नाही.

२ डिसेंबर, रविवार

पुन्हा दहा-बारा दिवस शांत. सराव केला. आर्याने प्रबंधाचं पहिलं प्रकरण चालीवर पूर्ण म्हटलं आणि मी बसलेला राहिलो! उठलो तेव्हा दोन्ही पाय बधिर झाले होते आणि मला हर्षवर्धनने उचललं. आर्याने टाळ्या वाजवल्या.

ज्युलियसने लग्नाचं आमंत्रण मनावर घेतलं आहे. कोट शिवला आहे. "पाव्हना म्हनून येनार, साहेब, वॉचमन म्हनून नाय." बरोबर आहे. त्या दिवशी भगदाडावर सिक्युरिटी एजन्सीचा माणूस बसवू. फेबियन सर त्याला शिकवतील.

पोट: शांत.

८ डिसेंबर, शनिवार

मांडव उभा राहिला. फाटकाला केळीचे खांब, आंब्याची डहाळी. इतकी की पाटी झाकली गेली आहे. खांब फार देखणे आहेत. कुणी आणले विचारलं, तर जयवंती म्हणाली, "आले."

एजन्सीचा माणूस येऊन गेला. तरुण आहे, मान डोलावतो, इथल्या कुणालाच ओळखत नाही. फेबियन सर म्हणाले, असाच हवा.

उद्या. देवा, उद्याचा एक दिवस सांभाळ. मग पाहिजे तर पुढचा महिनाभर पोटाला बंड करू दे.

पोट: काहीच सांगत नाही.

१० डिसेंबर, सोमवार

काल लिहायला वेळ नव्हता. आता सगळं लिहितो.

कन्यादानाला बसलो. हर्षवर्धनच्या ओंजळीवर आर्याची, तिच्यावर माझी, आणि जयवंतीने वरून धार धरली. गुरुजींचा आवाज खणखणीत. पोट सकाळपासून गप्प होतं. मला वाटलं, जमलं.

आणि मागून शिट्टी वाजली.

लांब, जीव तोडून मारलेली शिट्टी. एजन्सीचा माणूस. मांडवात बसलेलं दक्षता पथक एकदम उठलं. फेबियन सर सुटात होते. रॅकेटी घरी असल्यामुळे पथकाने वाढप्यांकडून डाव, झारे, जे हाताला लागेल ते उचललं आणि ते इमारतीच्या मागे धावले. पाठोपाठ निम्मा मांडव. व्याह्यांकडचे एक वयस्क काका शेजारच्याला विचारताना मी ऐकलं, "ही वसईकडची पद्धत का?"

पोटात पहिली कळ आली. ओळखीची.

मागून आरडाओरडा. "गराडा घाला! सोडू नका!" आणि त्यावर एका बाईचा आवाज, "अरे मेल्यांनो, पानं फाटतील! पंगतीची पानं आहेत!"

हिल्डा होती.

डोक्यावर केळीच्या पानांची गुंडाळी, लग्नासाठी नेसलेलं नवं लुगडं, आणि आली होती मागच्या भगदाडातून. मांडवाच्या कडेने सगळे तिला घेरून पुढे आले. डाव, झारे आणि मधे ती. पथकाने हत्यारं रोखलेली. फेबियन सर माझ्याकडे बघत उभे. नियम माझाच होता: सेक्रेटरीने पाहणी करून म्हटल्याशिवाय कुणी हटायचं नाही.

दुसरी कळ. ही मोठी.

मी कमरेतून हललो. "उठू नका!" गुरुजी मंत्राच्याच चालीत म्हणाले. "धार तुटेल." ओंजळीवर पाणी पडत होतं. खाली आर्याची बोटं माझ्या तळव्याला लागत होती. ती वर बघत नव्हती, पण तिच्या नाकाचा शेंडा मला दिसला.

फेबियन सर ओरडले, "सेक्रेटरी! ही कोण?"

आता पाहणी बसल्या जागेवरूनच करणं भाग होतं. मी पाहिलं. सोळा वर्षं पाहतोच आहे. आर्या पहिल्यांदा पेज खायला लागली तेव्हा... नाही, ते आधीचं, ते दादरला असताना. पण आर्याला गोवर आला तेव्हा फणीभर वेलची केळी ठेवून गेली होती, ती हिल्डाच.

मी पोटातून जेवढा आवाज निघेल तेवढा काढून ओरडलो, "आपली आहे! आपली आहे ती! सोडा तिला!"

सगळं थांबलं. डाव खाली आले. गुरुजीही थांबले.

हिल्डाने पानांची गुंडाळी सावरली आणि म्हणाली, "काय सेक्रेटरी, एवढं म्हणायला पोरीचं लग्न काढावं लागलं?"

मांडव हसला. व्याही हसले, हर्षवर्धनच्या ओंजळीतलं पाणी हिंदकळलं, गुरुजी "धार! धार!" म्हणत राहिले. जयवंती हसत होती, पण तिच्या हातातली धार तुटली नाही. मीही हसायला लागलो आणि मग घाबरून थांबलो, कारण या आजारात हसणं धोक्याचं असतं.

काहीच झालं नाही. तिसरी कळ आलीच नाही. मी वाट पाहत बसलो, मंत्र संपले, तरी आली नाही.

गुरुजी म्हणाले, "झालं. उठा आता." मी म्हणालो, "जरा बसतो." आर्या तशीच, ओल्या हातांनी, गळ्यात पडली. आमच्याकडे अशी मध्येच गळ्यात पडायची पद्धत नाही. व्याह्यांच्या काकांनी तीही वसईकडची धरली असावी. त्यांनी त्याआधी हिल्डाला नारळ देऊन नमस्कारही केला होता. तिने तो घेतला.

एक गोष्ट मात्र समजली नाही. पंगतीला किती पानं लागणार, हे हिल्डाला नेमकं कसं माहीत? जयवंतीला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही जिलेबी खाऊ नका हं."

मी एक खाल्ली. पोट: शांत.

१७ डिसेंबर, सोमवार

डॉ. रुडॉल्फ यांच्याकडे जाऊन आलो. सूज बरीच उतरली आहे. म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो.

मग विचारलं, "वही वाचलीत का?"

"दोनदा वाचली."

"मग? काय दिसलं?"

"अक्षर सुधारायला हवं," मी म्हणालो. "आणि बेलाचं सरबत सातत्याने घ्यायला हवं होतं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्यांना बरं वाटत नसावं.

घरी येऊन जरा टेकलो. आर्याशिवाय घर मोठं झालं आहे. मांडववाल्यांनी तोरणासकट फाटकावरची पाटीही नेली असं दिसतं. नवी करून घ्यायला हवी. भगदाडही बुजवायचं आहे. फेबियन सर विचारत होते, पुढची कवायत कधी. म्हटलं, बघू.

दुपारी हिल्डा पुढच्या फाटकातून आली. ज्युलियस तिथेच उभा होता, गळ्यात शिट्टी. तिच्या टोपलीला हात लावून त्याने ती नीट बसवून दिली आणि वाट सोडली. त्याला तसं मी काहीच सांगितलेलं नव्हतं. खरं तर बाल्कनीतून विचारणार होतो, पण तोंडात केळं होतं.

पोट: शांत.